नियमांच्या पुस्तकात नसलेल्या दोघी

मुलींच्या वसतिगृहाची सुपरिंटेंडेंट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एक जाडजूड बाई येते. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, नाकावर चष्मा, आणि कुठे कुणी मुलगी हसली की हिच्या कपाळाला आठी. मी जाडजूड कधीच नव्हते. बाकीचं वर्णन बरोबर आहे.

कलकत्त्यात बालीगंज भागात नोकरी करणाऱ्या मुलींसाठी एक वसतिगृह होतं. तिथं मी अठरा वर्षं काढली. माझा जन्मच कलकत्त्याचा. वडील इथल्या एका शाळेत गणित शिकवायचे. लग्न होऊन चार वर्षं जबलपूरला राहिले, नवरा गेला, माहेरी परत आले आणि ओळखीच्या एका बाईंच्या शब्दावर ही नोकरी मिळाली. मुलाखतीत मला एकच प्रश्न विचारला होता. ‘रागावता येतं का?’ मी म्हटलं, ‘येतं.’ झालं.

बत्तीस मुली. बँकेतल्या, शाळेत शिकवणाऱ्या, टेलिफोन एक्सचेंजमध्ये दिवसभर ‘नंबर प्लीज’ म्हणून घसा बसवून येणाऱ्या. बंगाली मुली मला माशिमा, म्हणजे मावशी, म्हणत. सुपरिंटेंडेंटचं काम काय, तर सकाळी नळाला पाणी आलं का बघायचं, लोडशेडिंग सुरू झालं की कंदील वर पोचले का बघायचं, आणि बाजार तपासायचा. यातलं बाजाराचं काम माझ्यासारख्या जन्मात मासळी न खाल्लेल्या बाईला कसं जमणार, अशी आमच्या स्वयंपाक्याला, म्हणजे ठाकूरला, फार काळजी होती. पहिल्या वर्षी त्यानं त्या काळजीचा पुरेपूर फायदा घेतला. दुसऱ्या वर्षी मी कल्ला उचलून लाली बघायला शिकले, पोटावर बोट दाबून बघायला शिकले, आणि एकदा गडियाहाटच्या बाजारात कोळणीला सांगितलं, ‘हा इलिश मासा कालचा आहे.’ ती म्हणाली, ‘माशिमा, खाऊन बघा.’ मी म्हटलं, ‘खात नाही म्हणूनच नाक शाबूत आहे.’ त्या दिवसापासून ठाकूर मला नमस्कार करायला लागला.

पण आमचा खरा धंदा पहारा. प्रत्येक मुलीच्या पालकांनी एक यादी सही करून द्यायची, की आमच्या मुलीला भेटायला अमुक अमुक माणसं येऊ शकतात. रविवारी चार ते सहा, बाहेरच्या खोलीत, दार उघडं ठेवून. फाटक नऊला बंद. एका मुलीच्या यादीत सात मावसभाऊ होते, त्यातला एक सरदारजी. मी काही बोलले नाही. सरदारजी फार सज्जन होता, पुढे त्याच्याशीच तिनं लग्न केलं आणि मला लाडू पाठवले.

नियमांचं छापील पुस्तक होतं, चाळीस पानांचं. त्यातला सगळा पहारा पुरुषांवर. कुठला पुरुष कुठल्या पायरीपर्यंत येऊ शकतो, नळदुरुस्तीवाल्याबरोबर कुणी उभं राहायचं, सगळं लिहिलं होतं. एका मुलीचा जीव दुसऱ्या मुलीवर जडला तर काय करायचं, याबद्दल त्या पुस्तकात एक ओळसुद्धा नव्हती. लिहिणाऱ्यांना सुचलंच नसणार. मलाही सुचलं नव्हतं.

सत्तरीच्या दशकाची सुरुवात असेल. नीला बर्वे नावाची मराठी मुलगी माझ्याकडे आली. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, चार वर्षं कलकत्त्यात होते, आता त्यांची बदली नागपूरला झाली होती. नीला इथल्या बँकेत नुकती लागलेली, म्हणून ती मागे राहिली. बारीक, हुशार, नियमानं वागणारी. मला मावशी म्हणायची आणि संध्याकाळी माझ्या खोलीत येऊन मराठी बोलून घ्यायची, जशी एखादी बाई नळ गेलेल्या घरातून शेजारी पाणी भरायला येते.

तिला मी दिली शेफाली दत्तबरोबरची खोली. शेफाली टेलिफोन एक्सचेंजवर. उंच, खणखणीत आवाजाची, जिन्यावरून उतरली तर तळमजल्यावर भांडी वाजत. महिन्याभरात शेफालीनं ठरवलं की आपण मराठी शिकायचं. आता बंगालीत बाई आणि पुरुष यांची क्रियापदं एकच, आणि वस्तूंना लिंगं नाहीतच. त्यामुळे शेफालीचं मराठी ऐकणं हा आमचा करमणुकीचा कार्यक्रम झाला.

‘मावशी, माझा आई उद्या येणार. तो तुमच्यासाठी संदेश मिठाई आणली.’

‘आणणार, शेफाली.’

‘हो, आणणार आली.’

नीला तिला सुधारत राहायची आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. दोघी तळ्यावर फिरायला जायच्या, दुर्गापूजेच्या दिवसांत एकसारख्या लाल काठाच्या साड्या नेसून मंडप बघायच्या. मी मनात म्हणायचे, बरं झालं, परक्या गावात पोरीला मैत्रीण मिळाली.

दुसऱ्या वर्षी दिवाळीत नीला नागपूरला गेली. घरी स्थळ बघून ठेवलं होतं. तिनं याआधी दोन नाकारली होती, हे तिसरं. आणि त्याच आठ दिवसांत तिच्या आईला तिच्या बॅगेत शेफालीची पत्रं सापडली. बंगालीत असती तर कुणाला ओ की ठो कळलं नसतं. पण शेफालीनं ती मुद्दाम मराठीत लिहिली होती. नीलाला आवडावं म्हणून, एकेक अक्षर गिरवून. चुका होत्या, पण अर्थ लपेल अशी एकही चूक नव्हती.

सुट्टी संपली तशी नीला नोकरीवर परत आली, आणि पाठोपाठ बर्वेसाहेबांचं मला पत्र आलं. ‘आपल्या देखरेखीखाली ही अनिष्ट जवळीक कशी वाढली याचं आश्चर्य वाटतं. कृपया दोघींच्या खोल्या वेगळ्या कराव्यात, भेटी बंद कराव्यात. मार्चअखेर लग्न करण्याचा विचार आहे. तोपर्यंत मुंबईतल्या एका डॉक्टरांना दाखवावं असं म्हणतो, ते विजेचे सौम्य धक्के देऊन अशा आवडी बदलतात असं ऐकतो.’

मी काय केलं? पालकांचं पत्र म्हणजे आमच्या धंद्यात हुकूम. मी हुकूम पाळला. शेफालीला दुसऱ्या मजल्यावर टाकलं, दोघींच्या जेवणाच्या पाळ्या वेगळ्या केल्या. शेफाली माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, ‘मावशी, आम्ही काय चोरी केली?’ क्रियापद पहिल्यांदाच बरोबर आलं होतं. मी रजिस्टरमध्ये डोकं घातलं. अठरा वर्षांत मी पुष्कळ चुका केल्या, पण या एका गोष्टीची मला अजून लाज वाटते.

तीन आठवडे गेले. नीला माझ्या खोलीत यायची बंद झाली. ताटातला भात तसाच ठेवून उठायची. मग एका रविवारी सकाळी, मुली केस वाळवायला गच्चीवर गेल्या होत्या तेव्हा, ती माझ्या दारात आली. छान आवरलेली, हसतमुख. माझी दोन पुस्तकं परत केली. हातात तिची काश्मिरी शाल होती, ती म्हणाली, ‘मावशी, ही तुम्ही ठेवा. तुम्हाला थंडी फार बाधते. शिवणाचं यंत्र मी खालच्या शिक्षिकाबाईंना देऊन टाकलं. मला कशाला हवं?’

मला त्या हसण्यानं धडकी भरली. का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. नीलाच्या आधी दोन वर्षं आमच्याकडे एक मुलगी होती. शांत, कामसू. एके दिवशी तिनं मला तिची मोगऱ्याची कुंडी दिली. मला वाटलं, किती प्रेमळ पोर. दुसऱ्या दिवशी ती या जगात नव्हती. आठवड्यानं तिची शाळेपासूनची मैत्रीण आली, तिच्या रिकाम्या खाटेवर तासभर बसली आणि अशी रडली, की तसं रडताना मी फक्त नवरा गेलेल्या बाईला पाहिलं होतं, आणि ती बाई मीच होते. मी तिला चहा दिला. काही विचारलं नाही. काय विचारायचं तेच मला कळलं नव्हतं.

त्यामुळे शाल हातात घेतली आणि मी दार लोटून घेतलं.

‘नीला, बस. एक विचारते, खरं सांग. जीव द्यायचा विचार आहे का?’

असं विचारायला जीभ वळत नाही. वाटतं, नसेल मनात तर आपणच घालू. पण तिचा चेहरा बघितला आणि कळलं, की घालायचं काही शिल्लक नव्हतं. ती खिडकीकडे वळली. खाली मासेवाल्याची हाक येत होती.

‘तुम्हाला कुणी सांगितलं?’ ती म्हणाली.

‘तुझ्या शालीनं.’

मग जे बाहेर आलं ते तासभर येत होतं. आईनं बोलणं टाकलंय. बाबा पत्रात ‘आजार’ लिहितात. लग्न केलं तर त्या बिचाऱ्या मुलाचं वाटोळं, नाही केलं तर घराचं. शेवटी म्हणाली, ‘मावशी, मी विकृत आहे का हो?’

मी काही शिकलेली बाई नाही. मॅट्रिक आणि शिवणाचा डिप्लोमा. मी म्हटलं, ‘तुमच्या या गोष्टीला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. पण गेली दोन वर्षं तू जितकी हसलीस तितकी हसताना मी फार कमी माणसं पाहिली आहेत. हसणाऱ्या माणसात काही बिघाड असतो असं मला वाटत नाही. आणि आजपासून तू माझ्या खोलीत झोपायचं. एकटीनं कुठंही जायचं नाही. न्हाणीघराला आतून कडी लावायची नाही, मी बाहेर स्टूल टाकून बसेन.’

‘आणि बँक?’

‘बँकेच्या दारापर्यंत मी येईन. मॅनेजरला सांगेन, मुलीला चक्कर येते.’

मग मी दुसऱ्या मजल्यावर जाऊन शेफालीला घेऊन आले. जिन्यात तिला सगळं सांगितलं. वाटलं होतं, ही आता गळ्यात पडून रडेल. शेफाली दारात उभी राहिली, लालबुंद झाली आणि माझ्या देखतच ओरडली, ‘तू मेला तर मी कोणाशी भांडेल? सांग! कोणाशी भांडेल?’

नीलाचे डोळे भरून वाहत होते. त्यातूनच ती म्हणाली, ‘मेलीस. मेला नाही. आणि भांडेन.’

‘मग भांड!’ शेफाली म्हणाली आणि तिच्या शेजारी धपकन बसली.

मी बाहेर येऊन ठाकूरला तीन कप चहा सांगितला.

सोमवारी मी नीलाला एका सरकारी इस्पितळात मनोविकारांच्या विभागात घेऊन गेले. तिथं डॉ. लाहिरी नावाच्या वयस्क बाई होत्या. पांढरी साडी, तोंडात कायम पान, समोर रोग्यांची ही रांग. त्यांनी नीलाला आत घेऊन अर्धा तास बोलून घेतलं, मग मला बोलावलं. मी बर्वेसाहेबांचं पत्र पुढे केलं आणि विजेच्या धक्क्यांचं विचारलं.

बाईंनी पत्र वाचलं. म्हणाल्या, ‘शहरात विजेची आधीच इतकी टंचाई. ती या पोरीवर कशाला वाया घालवता?’

नीला हसली. मग डॉक्टरबाई गंभीर झाल्या. ‘हे बघा. हिला आजार आहे, तो उदासीचा. झोप नाही, भूक नाही, जगावंसं वाटत नाही. त्याला औषध आहे, ते मी देते, आणि दर आठवड्याला तिनं माझ्याकडे यायचं. तिचं कुणावर प्रेम आहे हा आजार नाही. काही डॉक्टर तसं समजतात. मी त्यातली नाही. पण एक सांगा, अशी माणसं एकटी पडली की हा आजार बळावतो. हिला एकटं कुणी पाडलं?’

मी म्हटलं, ‘मीच.’

‘मग तुम्हीच दुरुस्त करा.’

आमच्या धंद्याबद्दल मला कुणी दिलेला सगळ्यांत उपयोगी सल्ला हाच. त्याच संध्याकाळी शेफालीची खाट खाली नीलाच्या खोलीत परत आली. दोन हमाल बोलवायचे होते, पण तिनं एकटीनंच ओढत आणली आणि जिन्याचा कठडा खरवडला.

बर्वेसाहेबांना मी सगळं खरं खरं लिहून कळवलं. शनिवारी सकाळी ते हावड्याला उतरून थेट वसतिगृहात आले. हातात होल्डॉल, खिशात परतीची दोन तिकिटं. उंच, करारी गृहस्थ, पण दोन दिवसांची दाढी वाढलेली. ऑफिसात खुर्चीवर बसले ते कडेला, टेकले नाहीत.

‘बाई, मी नीलाला न्यायला आलोय.’

‘न्या ना. तुमची मुलगी आहे. पण डॉक्टरबाई म्हणतात, आत्ता लग्नाचा विषय काढला तर तिच्या जिवाची खात्री नाही.’

‘पोरी असं बोलतात. लग्न झालं की सगळं विसरतात.’

‘बर्वेसाहेब, ती बोललीच नाही. त्याचीच मला भीती वाटली. तिनं नुसत्या वस्तू वाटल्या.’

त्यांनी विचारलं, ‘कुठल्या वस्तू?’

मी सांगत गेले. शाल. शिवणाचं यंत्र. रेडिओ, तो समोरच्या खोलीतल्या मुलींना. आणि एक शाईपेन, ते बँकेतल्या शिपायाच्या मुलाला, परीक्षा होती म्हणून.

‘काळं पेन? सोनेरी टोपणाचं?’

‘असेल.’

‘ते माझं,’ बर्वेसाहेब म्हणाले. ‘बी.ए. झाली तेव्हा दिलं होतं. ती कुणाला हातसुद्धा लावू द्यायची नाही.’ मग त्यांनी चष्मा काढला आणि खूप वेळ पुसत बसले. करारी माणसाला असं बसलेलं बघणं कठीण असतं. मी उगाचच उठून खिडकी उघडली.

बारा वाजता मी त्यांना जेवायला मुलींच्या पंगतीत बसवलं. पुरुषांना जेवणघरात मज्जाव, पान सतरा. पण मी त्या आठवड्यात पुस्तक कपाटात ठेवून दिलं होतं. नीला त्यांच्या शेजारी बसली, मान खाली घालून. आणि वाढायला आली शेफाली. मी तिला सांगितलं नव्हतं. तिची ती आली, हातात डाळीची बादली घेऊन, घाबरून पांढरी पडलेली.

‘काका, भात घेतली?’

बर्वेसाहेबांनी वर बघितलं. आयुष्यभर हाताखालच्या लोकांचे मसुदे तपासलेला माणूस. तोंडातून आपोआप निघालं, ‘घेतला. भात पुल्लिंगी आहे.’

‘घेतला. आणि डाळ घेतला?’

‘घेतली. डाळ स्त्रीलिंगी.’

‘का?’ शेफालीनं खरंच विचारलं. ‘दोन्ही एकच ताटात आहे.’

बर्वेसाहेबांनी नीलाकडे बघितलं. नीलाच्या ओठांचे कोपरे हलत होते. ती हसू दाबत होती. किती दिवसांनी त्यांनी ते पाहिलं असेल कुणास ठाऊक. ‘त्याला कारण नसतं,’ ते हळूच म्हणाले. ‘भाषेत तसं असतं, एवढंच.’ आणि त्यांनी दुसऱ्यांदा भात घेतला.

यावरून बर्वेसाहेब बदलले आणि सगळं गोड झालं असं समजू नका. त्यांनी शेफालीशी त्यापुढे एक अक्षर काढलं नाही. संध्याकाळी मला एवढंच म्हणाले, ‘हे मला पटत नाही, आणि पटणार नाही. पण तिला औषध वेळेवर देत जा.’ एक तिकीट रद्द करून ते एकटे गेले. स्थळाकडे त्यांनी काय कळवलं माहीत नाही. नीलाच्या आईनं पुढे तीन वर्षं पत्र लिहिलं नाही. नीलाचंही एका रात्रीत बरं झालं नाही. चार महिने औषध, मधे दोन वाईट आठवडे, मी पुन्हा न्हाणीघराबाहेर स्टुलावर. त्या दिवसांत माझं विणकाम फार झालं. बत्तीसपैकी निम्म्या मुलींना स्वेटर मिळाले, आणि कलकत्त्यात स्वेटरची थंडी असते जेमतेम पंधरा दिवस.

आमच्या व्यवस्थापक मंडळाच्या अध्यक्षबाईंनी मात्र मला विचारलं, ‘त्या दोघींना पुन्हा एका खोलीत का ठेवलंत?’ मी नियमांचं पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, ‘यात कुठं मनाई आहे ते दाखवा.’ त्यांनी चाळीस पानं चाळली. मग चहा मागवला.

पुढे दोघींनी वसतिगृह सोडलं आणि विमानतळाजवळ डमडमला दोन खोल्यांची जागा घेतली. शेजाऱ्यांना सांगितलं, मैत्रिणी आहोत. शेजाऱ्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं. एका रविवारी मी जेवायला गेले. नीलानं आमटी केली होती, शेफालीनं खसखशीचा पोस्तो. गॅलरीत एकच आरामखुर्ची मावत होती आणि ती कुणी कुठल्या बाजूला तोंड करून ठेवायची, यावर दोघींची जुंपली. रस्त्याकडे ठेवली तर धूळ येते, भिंतीकडे ठेवली तर बघायचं काय. विमानं डोक्यावरून जात होती, त्यामुळे त्यांना थांबून थांबून भांडावं लागत होतं.

शेवटी नीला चिडली. पदर खोचला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, ‘बघितलंत ना मावशी? रोज हे असं. अजून चाळीस वर्षं काढायची आहेत मला हिच्याबरोबर!’

मी आमटीची वाटी खाली ठेवली. मला हसू आवरेना. दोघी माझ्याकडे बघायला लागल्या, इतकं हसण्यासारखं काय झालं म्हणून. माझ्या डोळ्यांपुढे ती काश्मिरी शाल आली होती. नुसतं म्हटलं, ‘चाळीस कसली, पन्नास काढाल. आणि खुर्ची आणखी एक घ्या.’